वार्पूचा हातमाग आणि एस्कोचा खरा पत्ता

वार्पू,

तुझ्याबद्दल लिहायला बसले आहे आणि तुला हे आवडणार नाही, ते मला ठाऊक आहे. तू म्हणशील, "बाई, माझ्यात लिहिण्यासारखं काय आहे? सतरंज्या विणल्या, संपलं." तुझ्यात लिहिण्यासारखं फार नाही, हे मान्य. पण तुझ्या घराचं जे केलं गेलं, त्यात आहे. परदेशातून कॅमेरे घेऊन माणसं तुझ्या स्वयंपाकघरात आली, तुझ्या हातचे वेलदोड्याचे बन खाऊन गेली, आणि "आता तुम्ही पूर्वीपेक्षा आनंदी आहात का?" एवढं एकच विचारून गेली. तुझा नवरा कुठे आहे, असं एकानेही विचारलं नाही. त्याची शिसारी माझ्या मनातून अजून जात नाही. म्हणून लिहिते. आणि यापुढे तुला 'ती' म्हणणार आहे. तुला समोर बसवून बोललं की तू मान खाली घालतेस, आणि मग मलाच आवरतं घ्यावं लागतं. या वेळी मला आवरतं घ्यायचं नाही.

तर वार्पू पेसोनेन. आमचं गाव हेलसिंकीपासून दूर, पूर्वेकडचं, तळ्याकाठचं, कागदाच्या गिरणीवर पोसलेलं. गिरणी चालू होती तोवर गावावर उकडलेल्या कोबीसारखा एक वास असायचा. बाहेरची माणसं नाकाला रुमाल लावायची. आम्ही त्याला पगाराचा वास म्हणायचो. गिरणी बंद झाली, वास गेला, आणि स्वच्छ हवेत अर्धं गाव बेकार झालं. वार्पू गिरणीच्या कँटीनमध्ये होती, तिचा नवरा एस्को मशीनवर. दोघं एकाच शुक्रवारी घरी आली ती आलीच. दोघांनी पन्नाशी ओलांडलेली, मूलबाळ नाही. या वयाच्या माणसाला आमच्याकडे नोकरी मिळत नाही. नोकरी शोधण्याचं काम मात्र भरपूर मिळतं.

वार्पूकडे आईचा हातमाग होता. बर्चच्या लाकडाचा, अर्धी बैठकीची खोली व्यापणारा. जुन्या चादरी, शर्ट, गिरणीचे निळे डगले फाडून ती चिंध्यांच्या सतरंज्या विणायची. उन्हाळ्यात आम्ही बायका तळ्यावरच्या धक्क्यावर सतरंज्या धुवायला जमतो, तेव्हा कुणाची सतरंजी कुणाच्या मागावरची हे कडेवरून ओळखू येतं. वार्पूची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ. बाकी बाईचं सगळं आयुष्य अघळपघळ, पण कड सरळ.

बेकार झाल्यावर तिने दोन सतरंज्या विकल्या, आणि सरळ बाई म्हणून बेकारभत्त्याच्या कचेरीला कळवल्या. कचेरीला प्रश्न पडला: ही बेकार आहे की व्यावसायिक? प्रश्न पडला की आमच्या कचेरीची पद्धत अशी की उत्तर सापडेपर्यंत भत्ता थांबवायचा. उत्तर शोधण्यात अख्खा शरद ऋतू गेला. दोघांनी एकट्या एस्कोच्या भत्त्यावर बटाटे आणि राय धान्याचा काळा पाव खाऊन काढला. शेवटी ठरलं की ती बेकारच आहे, मात्र पुन्हा विकलं तर पुन्हा तपासावं लागेल. वार्पूने मागावर एक पांढरी चादर टाकली. मेलेल्या माणसावर टाकतात तशी. खोलीत जायचं झालं तर ती भिंतीच्या कडेकडेने जायची.

दोन वर्षं ती चादर तशीच होती. मग देशाने प्रयोग काढला. देशभरातल्या बेकारांतून कॉम्प्युटरने काही माणसं उचलायची, त्यांना दोन वर्षं दरमहा ठरावीक पैसे द्यायचे, आणि काही म्हणजे काही विचारायचं नाही. काम मिळालं, करा. नाही मिळालं, बसा. चार पैसे कमावले तरी हे बंद व्हायचे नाहीत. जगण्याला पायाखाली फळी हवी, ती माणसाच्या लायकीवर अवलंबून नको, असा त्यामागचा विचार. विचार चांगलाच आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

कॉम्प्युटरने वार्पूला उचललं. एस्कोला नाही.

"तुझंही येईल पत्र," वार्पू म्हणाली.

"एका उंबऱ्यावर दोनदा कशाला येतंय? आलं ते बरं झालं. काढ ती चादर."

"थांब, आधी पैसे तर येऊ दे."

"चादर काढ गं. मला त्या खोलीत जायची भीती वाटते."

तिने चादर काढली. दुसऱ्या दिवसापासून घरात मागाचा दणका सुरू झाला. धोट्याने चिंधी आडवी ओवायची आणि फणीने ठोकायची, तो आवाज रस्त्यावर ऐकू यायचा. वार्पूची झोप परत आली. दुकानात कुणाशी तरी मोठ्याने हसताना दिसली, तेव्हा माणसं वळून बघायला लागली. उन्हाळ्यात तिने बाजारचौकात टेबल टाकलं आणि सतरंज्या विकल्या, उजळ माथ्याने. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून कुणीतरी शहाणा म्हणेल की बघा, फुकटचा पैसा माणसाला बाधतो. पैसा बाधला नाही. पैशाने त्या बाईचं सोनं केलं.

शेजारच्या हेल्व्हीला मात्र अपचन झालं. टेबलाशी येऊन सतरंजीला हात लावायची आणि न घेता उभी राहायची.

"सरकारचा पगार वेगळा, सतरंजीचे पैसे वेगळे! आम्ही काय पाप केलंय गं वार्पू?"

"ते कॉम्प्युटरला विचार."

"नाही, बरंय तुझं. मजा आहे."

"मजाच आहे. घेणारेस का? नाहीतर हात काढ, हाताला तेल आहे तुझ्या."

एस्कोचं चाललं होतं ते जुन्याच रुळावरून. त्याला कोर्सला पाठवत. तिथे एक हसरी मुलगी या कागदगिरणीतल्या बाप्यांच्या हातात मासिकं आणि मुलांच्या कात्र्या द्यायची आणि सांगायची, आपल्या भविष्याची चित्रं कापून चिकटवा. एस्कोने एक मासा चिकटवला. तिने विचारलं, हे काय? तो म्हणाला, "मासा." घरी येऊन वार्पूला म्हणाला, "तीस वर्षं कागद केला. आता तो कापायला शिकवतायत. याच्यानंतर बहुतेक गिळायला शिकवतील."

आणि दर चार आठवड्यांनी कचेरीच्या फॉर्मवर एक प्रश्न: या काळात काही काम केलंत का? एस्को त्याला प्रश्न समजायचा. आमच्याकडची माणसं सरकारी प्रश्नाला प्रश्नच समजतात, हीच आमची खोड आहे. त्या उन्हाळ्यात त्याने उत्तर लिहिलं: बायकोच्या सतरंज्या बाजारात पोचवल्या, आणि ती कॉफी प्यायला गेली तेवढा वेळ टेबलाशी उभा राहिलो.

"हे कशाला लिहिलंस?" वार्पूने कपाळाला हात लावला.

"विचारलंय ना?"

"अरे, टेबलाशी उभं राहणं हे काय काम आहे?"

"एक बाई आली होती, तिला निळी दाखवली मी. तिने घेतली. मग काम नाही तर काय?"

भत्ता थांबला. एस्कोने फोन केला. पलीकडे तरुण आवाज, अतिशय सभ्य. आमच्या कचेरीत कुणी कुणावर ओरडत नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं. माणसाला निदान उलट ओरडता येतं.

"तुमच्या पत्नीचा विणकामाचा व्यवसाय आहे," आवाज म्हणाला, "आणि तुम्ही त्यात हातभार लावता. तेव्हा तुम्ही व्यावसायिकाच्या कुटुंबातले काम करणारे सदस्य ठरता. बेकार नाही."

"पण तिला तर तुम्हीच सांगितलंत, खुशाल विका म्हणून."

"त्या प्रयोगात आहेत. तुम्ही नाही."

"म्हणजे माग तिच्यासाठी मोकळा आणि माझ्यासाठी धंदा?"

"तुम्ही एका छताखाली राहता ना?"

"हो. लग्न झालंय आमचं."

"तोच मुद्दा आहे. पत्ता वेगळा असता तर हा प्रश्नच आला नसता." मग आवाज जरा खाली आला, चांगुलपणाने. "हा सल्ला नाही हं. मी फक्त नियम सांगतोय."

वार्पू शेजारी उभी राहून हे ऐकत होती. ज्या पैशाला अट नाही म्हणून देशभर नगारे वाजत होते, त्याची अट हीच निघाली: नवरा बाहेर काढा. तिच्यावर कुणी लक्ष ठेवत नव्हतं हे खरं. सगळ्यांचं लक्ष तिच्या शेजारी झोपणाऱ्या माणसावर गेलं होतं, एवढंच.

"मी टेबल बंद करते," ती म्हणाली. "माग झाकते. दोन वर्षं झाकलेला होता, मेले नाही मी."

"मेली होतीस," एस्को म्हणाला. "परत झाकलास तर बघायला मी इथे थांबणार नाही."

"मग तळ्यावरच्या आपल्या झोपडीचा पत्ता दे. सगळे तेच करतात. पत्ता तिथला आणि झोपणं इथे."

"तिथला पत्ता दिला की तिथेच झोपावं लागेल."

"कोण बघायला येणार आहे, एस्को?"

"मी बघतोय ना."

माझ्या मते हा प्रामाणिकपणा नव्हे, आजार आहे, आणि आमच्या देशात तो लहानपणीच टोचतात. दुसऱ्या कुठल्याही देशातल्या माणसाने कागदावर झोपडी लिहिली असती आणि घरी येऊन बायकोच्या कुशीत घोरत पडला असता. एस्कोने कागदावर झोपडी लिहिली, आणि ऑक्टोबर महिन्यात दोन घोंगड्या आणि रेडिओ सायकलला बांधून खरोखर झोपडीत राहायला गेला.

झोपडी म्हणजे उन्हाळ्यापुरती. तळ्याकाठी एक खोली, एक चूल, शेजारी सौना, म्हणजे तापल्या दगडांची वाफेची न्हाणी. भिंतींतून वारा आरपार जायचा. हिवाळा पडल्यावर तो सौनाच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर झोपायला लागला, कारण दगड तापवले की तिथली ऊब सकाळपर्यंत टिकायची. त्याने कचेरीला फोन करून विचारलं की वेगळं राहणाऱ्या माणसाने बायकोकडे आठवड्यातून किती वेळा जेवलेलं चालतं. सभ्य आवाज गडबडला. म्हणाला, तसं काही ठरलेलं नाही. ठरलेलं नाही म्हटल्यावर एस्कोने स्वतःच ठरवलं: एकदा. गुरुवारी, कारण गुरुवारी वाटाण्याचं सूप असतं.

पहिल्या गुरुवारी तो आला. दारावर टकटक केली. वार्पूने दार उघडलं तर हातात कॉफीचं पाकीट. आमच्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही.

"हे काय?" वार्पू म्हणाली.

"कॉफी."

"ती दिसतेय. तू माझ्या घरी कॉफी घेऊन आलास?"

"तुझ्या घरी म्हणून तर आणली."

ती हसली, कारण न हसती तर तिने ते पाकीट त्याच्या तोंडावर मारलं असतं. दोघं सूप प्याली. तो जोडे काढून नेहमीच्या खुर्चीत बसायला गेला, थबकला, आणि भिंतीकडच्या पाहुण्यांच्या खुर्चीत बसला. भत्ता परत सुरू झाला होता. कचेरीच्या दृष्टीने सगळं जागच्या जागी आलं होतं.

कॅमेरेवाले आले ते याच हिवाळ्यात, आणि नेमके गुरुवारी. दिवे लावले, वार्पूला मागावर बसवलं, 'धोटा परत फेका, अजून एकदा, आता हसून' असं दोन तास केलं. एस्को पाकीट घेऊन अंगणात आला, गाडी पाहिली, आणि लाकडांच्या ढिगाआड उभा राहिला. बर्फ पडत होता. आत जाऊन पाहुण्यांसमोर आपण कोण म्हणून सांगायचं, हे त्याला ठरवता येईना. पाहुणे गेल्यावर तो आत आला तेव्हा पाकीट हाताला चिकटलं होतं आणि सुपावर साय धरली होती. पुढे तो फोटो कुठकुठे छापून आला: माग, हसणारी वार्पू, आणि खाली लिहिलेलं की या बाईला भीतीपासून मुक्ती मिळाली. नीट पाहिलं तर मागच्या खिडकीत लाकडांचा ढीग दिसतो.

वसंतात राजधानीतून एक तज्ज्ञ आले. ग्रंथालयात व्याख्यान होतं, विषय: मूलभूत उत्पन्नाचं भवितव्य. मऊ स्वेटर, मऊ आवाज. आलेख दाखवले. एका बाजूला म्हणत होते की अशी रक्कम उद्या प्रत्येकाला देता येईल, दुसऱ्या बाजूला म्हणत होते की त्यासाठी जुनी व्यवस्था हलवावी लागेल आणि ती हलवायला कुणी तयार नाही, तिसऱ्या बाजूला म्हणत होते की प्रयोग वाढवायचा नाही असं वर ठरलेलं आहे. म्हणजे झाड लावायचं, ते रुजलं का बघायचं नाही, आणि अहवाल मात्र फळांवर. वार्पू कधी सभेत बोललेली नव्हती. त्या दिवशी उभी राहिली.

"माझ्या नवऱ्याचं काय?" तिने विचारलं.

"माफ करा?"

"मला पैसे मिळाले म्हणून तो घराबाहेर राहतो. हे तुमच्या आलेखात कुठे आहे?"

तज्ज्ञांनी चष्मा सारखा केला. "या प्रयोगात कुटुंब हे एकक धरलेलं नाही. व्यक्ती हे एकक आहे."

"मग ते कचेरीला सांगा ना. तिथे आम्ही जोडीनेच एकक आहोत."

लोक हसले. तज्ज्ञही हसले, मनापासून, आणि म्हणाले, "फार महत्त्वाचं निरीक्षण आहे." वहीत टिपून घेतलं. मग कॉफी आणि बन होते, ते खाऊन पाचच्या गाडीने गेले. एक बाई आपलं घर मोडतंय म्हणून सांगते आणि यांना निरीक्षण सापडतं. हेल्व्ही माझ्याशेजारीच बसली होती. तिलासुद्धा लाज वाटली. बाहेर पडताना तिने वार्पूच्या पाठीवर हात ठेवला, आणि पुढच्या आठवड्यात एक सतरंजी घेतली, घासाघीस न करता.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पैसे थांबले. ठरलेलं होतं, त्यामुळे कुणावर रागावताही येईना. वार्पू पुन्हा साधी बेकार झाली. तिने कचेरीला फोन केला.

"आता माझा नवरा परत येऊ शकतो का?"

अर्थात, आवाज म्हणाला. मात्र आता तिचं स्वतःचं प्रकरणही नव्याने बघावं लागेल. विणकाम चालू असेल तर ती व्यावसायिक, आणि एस्को घरी आला तर तोही. दोघांचं ठरेपर्यंत दोघांचेही भत्ते थांबतील. व्यवसाय बंद झाल्याचं दाखवता आलं, माग वगैरे विकल्याचं, तर काम लवकर होईल.

वार्पूने विचार केला तो फक्त एक रात्र. माग की एस्को, हा प्रश्न तिला आधीच विचारला असता तर तिने आधीच उत्तर दिलं असतं. पण एस्कोने तो प्रश्न कधी पुढे येऊच दिला नव्हता. जाहिरात दिली. स्वतः विणणारं गिऱ्हाईक कुणी मिळालं नाही. हेलसिंकीतलं एक जोडपं आलं, त्यांचं नवं कॉफीचं दुकान निघत होतं. त्यांना माग छताला उलटा टांगून त्यावर दिवे लावायचे होते. "किती खरा आहे हा!" ती मुलगी मागाच्या लाकडावरून हात फिरवत म्हणाली. वार्पूने त्यांना खिळे कुठून ढिले करायचे ते दाखवलं. खोली मोकळी झाली. जमिनीवर चार फिके चौकोन राहिले.

मग ती तळ्यावर गेली. बर्फ जाड धरला होता. एस्को तीरापासून बऱ्याच आत, बर्फाला भोक पाडून जाळं ओढत होता. ती चालत त्याच्यापर्यंत गेली.

"माग विकला," ती म्हणाली. "चल घरी."

त्याने जाळं सोडलं नाही. एक मासा बर्फावर पडला आणि तडफडला.

"कुणाला विकला?"

"कॉफीवाल्यांना. दिवे टांगायला."

त्याने जाळं आणखी हातभर ओढलं. मग म्हणाला, "मला विचारायचं होतंस."

"तू मला विचारलं होतंस, इथे येताना?"

"नाही."

"चल आता. थंडी आहे."

"थंडीची सवय झाली." त्याने मासा उचलून बादलीत टाकला. "तिथे दणका होता तोवर घर होतं, वार्पू. मी इथे रात्री पडलो की मनात म्हणायचो, आता ती ठोकत असेल. आता तिथे येऊन काय ऐकू? नुसती शांतता हवी तर ती इथेही आहे."

"आणि मी?"

"तू ये ना शनिवारी. सौना तापवून ठेवतो."

हे तो रागाने म्हणाला नाही, म्हणूनच ते भयंकर होतं. माणसाला दोन हिवाळे एकट्याने राहायला लावलं की त्याला ते जमायला लागतं. ही गोष्ट कुठल्या आलेखात येत नाही. तो आजही तिथेच राहतो, आता भिंतींना आतून लोकर ठोकली आहे, आणि पत्ता खरा आहे. वार्पू वृद्धाश्रमात फरशा पुसते, तासांवर. पुढे अहवाल निघाला. त्यात होतं की रक्कम मिळालेल्यांचं मानसिक स्वास्थ्य काहीसं सुधारलं, रोजगारावरचा परिणाम किरकोळ. वार्पूची गणना कुठल्या रकान्यात केली, हे विचारायची मला इच्छाही झाली नाही. विटले मी.

आणि आता पुन्हा तुझ्याशी बोलते, वार्पू. तळ्यावरून परत आलीस त्या संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस. कोट न काढताच दारात उभी राहिलीस आणि म्हणालीस की मागाच्या बाकाखालच्या पेटीत आईचा धोटा राहिला, तो मागाबरोबरच गेला. "बाई, तुम्ही बहिणीकडे हेलसिंकीला जाता, तेव्हा त्या दुकानात जाऊन तेवढा मागून आणाल का?" मी हो म्हटलं. दुकानाचं नावही लिहून घेतलं. निघायच्या आदल्या दिवशी तुझाच फोन आला.

"बाई, धोटा आणू नका."

"का गं?"

"घरात विणकामाचं सामान आहे का, असं कचेरीने विचारलंय. नाही म्हणून कळवून बसलेय मी."

"एका धोट्याने काय होतंय?"

"खोटं होईल ना," तू म्हणालीस.

मी हेलसिंकीला गेले. त्या रस्त्यानेच गेले. आत नाही गेले.